दाढ काढल्यावर खळग्यात काय घडते

आईची उजवीकडची खालची दाढ एका शनिवारी सकाळी काढली. कीड मुळापर्यंत पोहोचली होती, दाढेचा वरचा भाग तुटून गेला होता आणि रूट कॅनाल करून ती वाचवण्याची वेळ टळून गेली होती. काढायला जेमतेम वीस मिनिटे लागली. घरी आल्यावर आईने तोंडातला कापसाचा बोळा टाकला, रक्ताची चव जाईना म्हणून कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या आणि रात्री झोपेपर्यंत दर अर्ध्या तासाने ती गुळण्या करत राहिली. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर ‘२४ तास चूळ भरू नये’ असे स्पष्ट छापलेले होते आणि तिने ते वाचलेही होते. पण मिठाच्या गुळण्या म्हणजे चूळ नव्हे, ते औषध, अशी तिची आयुष्यभराची समजूत होती. घसा दुखला, हिरडी सुजली, तोंड आले, तरी तिने हेच केले होते आणि तिला गुण आला होता.

सोमवारी रात्री दुखणे एकाएकी वाढले. शनिवारी आणि रविवारी जे सोसण्यासारखे होते, ते आता कानापर्यंत ठणकू लागले आणि गोळी घेऊनही झोप लागेना. मंगळवारी डॉक्टरांनी तोंडात दिवा धरला आणि मलाही वाकून पाहायला सांगितले. जिथे गडद लाल, जवळजवळ काळपट असा गोळा दिसायला हवा होता, तिथे एक रिकामा खळगा होता आणि त्याच्या भिंतीवर करड्या-पांढऱ्या रंगाचे हाड उघडे पडले होते. डॉक्टर म्हणाले, “गुठळी धुऊन गेली आहे.”

दात काढल्यानंतर पाळायच्या सूचना बहुतेकांना पाठ असतात, पण त्यांच्यामागचे कारण क्वचितच कुणी सांगते. थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका, गरम खाऊ नका, तंबाखू खाऊ नका, चूळ भरू नका, ही वरवर वेगवेगळी वाटणारी सगळी पथ्ये एकाच गोष्टीसाठी असतात. ती गोष्ट म्हणजे खळग्यात साकळलेली रक्ताची गुठळी. ती जागेवर राहिली तर बाकीचे काम शरीर स्वतः करते. हे कारण माझ्या आईला आधी कुणी सांगितले असते, तर तिने गुळण्या केल्या नसत्या, याची मला खात्री आहे.

त्यासाठी आधी दात जबड्यात कसा बसलेला असतो, ते पाहू. भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत हजारो बारीक तंतू असतात. त्यांचे एक टोक मुळात आणि दुसरे हाडात रुतलेले असते, म्हणजे दात या तंतूंवर झोळीत ठेवल्यासारखा टांगलेला असतो. घास चावताना तो अगदी किंचित दबतो आणि पुन्हा वर येतो. भातातला बारीक खडा दाताखाली आला की क्षणात कळते, ते या तंतूंमधल्या संवेदनेमुळेच. दात काढणे म्हणजे हे तंतू तोडणे आणि मूळ बाहेर येईल इतपत हाडाचा खळगा रुंद करणे. हाड कठीण असले तरी जिवंत आणि थोडे लवचीक असते, म्हणून ते दाबाने हळूहळू सरकते.

त्यामुळे ‘दात उपटला’ हा आपला नेहमीचा शब्दप्रयोग खरे तर चुकीचा आहे. डॉक्टर प्रथम एलेव्हेटर नावाचे चपट्या टोकाचे अवजार दात आणि हाड यांच्यामध्ये घालून तंतू सैल करतात. मग चिमट्याने दात पकडतात, पण वर ओढण्याआधी तो जबड्याच्या दिशेने आत दाबतात आणि गालाकडे व जिभेकडे आळीपाळीने झुकवतात. एका मुळाचा, गोल आकाराचा पुढचा दात असेल, तर थोडा पिळाही देतात. दात आपण होऊन सुटेपर्यंत जोर लावायचा नाही, हेच त्यातले कौशल्य असते. खालच्या दाढेला सहसा दोन मुळे असतात आणि वरच्या दाढेला तीन. मुळे वाकडी असतील, किंवा अक्कलदाढ आडवी होऊन हाडात अडकली असेल, तर हिरडीला छेद देऊन, थोडे हाड कोरून आणि दाढेचे दोन-तीन तुकडे करून ती काढावी लागते. त्या वेळी जो आवाज होतो, तो कवटीच्या हाडातून थेट कानात पोहोचत असल्यामुळे फार मोठा वाटतो. काहीतरी मोडले असे वाटून माणूस दचकतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते ठरवून केलेले काम असते.

भुलेविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण लोक सर्वांत जास्त घाबरतात ते सुईला. दंतवैद्यकात आज सर्रास वापरले जाणारे औषध म्हणजे लिग्नोकेन. स्वीडनमध्ये १९४३ साली ते तयार झाले आणि १९४८ पासून बाजारात आले. मज्जातंतूमधून दुखण्याचा संदेश पुढे जाण्यासाठी त्याच्या आवरणातल्या सूक्ष्म दारांतून सोडियमचे कण आत शिरावे लागतात. लिग्नोकेन ती दारे काही काळ बंद करते, त्यामुळे संदेश मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. या औषधात बहुधा अत्यल्प प्रमाणात अॅड्रेनॅलिन मिसळलेले असते. त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर जास्त वेळ टिकते आणि रक्तस्रावही कमी होतो. वरच्या जबड्याचे हाड विरळ असल्याने दाताशेजारी टोचलेले औषध झिरपून आत पोहोचते. खालच्या जबड्याचे हाड मात्र घट्ट असते, म्हणून दाढांसाठी जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, मुख्य मज्जातंतू हाडात शिरतो त्या जागेजवळ इंजेक्शन द्यावे लागते. त्या बाजूचा अर्धा ओठ बधिर होतो आणि सुजल्यासारखा वाटतो, ही भूल चढल्याची खूण आहे.

भूल दुखणे थांबवते, पण दाबाची जाणीव पूर्णपणे थांबवत नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला जोर, ढकलणे आणि हिसका जाणवतो आणि भूल लागली नाही, अशी त्याची समजूत होते. दुखणे आणि दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी माहीत असले तर निम्मी भीती जाते. दुखत असेल तर मात्र हात वर करून लगेच सांगावे आणि पुन्हा औषध मागावे. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि अशा जागी भूल खरोखरच कमी चढते. अशा वेळी डॉक्टर कधी दूरच्या जागी इंजेक्शन देतात, कधी आधी पू काढून टाकतात. दुखणे गप्प बसून सोसण्याने कुणाचाच फायदा होत नाही.

दवाखान्यात जाण्यापूर्वी पोटात काहीतरी असावे. केवळ त्या जागेची भूल द्यायची असेल तर उपाशी राहण्याचे कारण नसते. उलट उपाशीपोटी आणि घाबरलेल्या माणसाला घेरी येण्याची शक्यता अधिक असते. मधुमेह असणाऱ्यांनी तर नेहमीचे जेवण आणि नेहमीचे औषध घेऊनच, शक्यतो सकाळची वेळ ठरवून जावे.

आपण कोणती औषधे घेतो, हे न विचारताही सांगावे, आणि सगळ्यांत चांगले म्हणजे औषधांची पाकिटेच पिशवीत घालून न्यावीत. हृदयविकारासाठी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त सहजी गोठू न देणारी औषधे घेणारे अनेक जण, दात काढायचा म्हणून, कुणालाही न विचारता चार-पाच दिवस आधी गोळ्या बंद करतात. ही अत्यंत घातक सवय आहे. दाताच्या खळग्यातला रक्तस्राव दाबून, टाका घालून किंवा औषध लावून थांबवता येतो. हृदयातल्या किंवा मेंदूतल्या रक्तवाहिनीत अडकलेल्या गुठळीचे तसे नसते. वॉरफरिन हे त्याच कामाचे औषध घेणाऱ्यांची आयएनआर ही, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी, रक्ततपासणी आधी करतात आणि तो आकडा ४ च्या खाली असेल, तर साधा दात बहुधा गोळी न थांबवता काढता येतो. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असल्यास आधी प्रतिजैविकाचा एक डोस घ्यावा लागतो. हाडे ठिसूळ झाल्यामुळे अॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अॅसिडसारखी औषधे सुरू असतील, तर जबड्याचे हाड भरून न येता सडण्याचा धोका असतो. तो गोळ्या घेणाऱ्यांना कमी आणि कर्करोगासाठी शिरेतून मोठे डोस घेणाऱ्यांना पुष्कळ जास्त असतो, पण कल्पना दोघांनीही द्यायला हवी. तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्यावर किरणोपचार झाले असतील, तर कितीही वर्षे उलटली तरी ती माहिती लपवू नये. किरणोपचार झालेल्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो. म्हणूनच असे उपचार सुरू होण्यापूर्वी वाईट दात काढून टाकतात आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे देतात.

आता मूळ गोष्टीकडे, म्हणजे गुठळीकडे वळू. दात बाहेर आला की खळगा रक्ताने भरतो. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) उघड्या पडलेल्या भागाला चिकटतात, फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात आणि त्या जाळ्यात रक्तपेशी अडकून काही मिनिटांत मऊ गोळा तयार होतो. दुधाचे दही लागते तसेच काहीसे हे असते. आणि नुकतेच लागलेले दही भांडे हलवल्यावर मोडते, तशीच नवी गुठळीही मोडते. डॉक्टर गॉजची घडी किंवा कापसाचा बोळा ठेवून दात घट्ट मिटायला सांगतात, ते रक्त टिपण्यासाठी नव्हे, तर दाब देण्यासाठी. म्हणून साधारण अर्धा ते पाऊण तास तो बोळा न बोलता, न चघळता, दाबून धरावा. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी दर पाच मिनिटांनी तो काढणे म्हणजे लागू पाहणारे दही दर पाच मिनिटांनी ढवळणे आहे.

पुढचे २४ तास या गोळ्याला खेचणारे, धुणारे किंवा वितळवणारे काही घडू देऊ नये. जोराने थुंकताना आणि स्ट्रॉने पिताना तोंडात पोकळी निर्माण होते आणि ती गुठळीला वर ओढते. विडी-सिगारेटचा झुरका घेताना तेच होते, शिवाय निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. चूळ भरताना पाण्याचा मारा होतो. गरम चहाने रक्तवाहिन्या पसरतात आणि पुन्हा रक्त येऊ लागते. वाकून जड उचलणे आणि व्यायाम यांनी डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. जीभ पुन्हा पुन्हा खळग्याकडे जाते, तिला मात्र निश्चयाने आवरावे लागते. तोंडात लाळ जमली तर गिळावी; ते नकोसे वाटत असेल तर बेसिनवर वाकून ती नुसती ओघळू द्यावी.

पहिल्या दिवशी लाळेला गुलाबी छटा असते आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग दिसतो, याला घाबरू नये. चमचाभर रक्त लाळेत मिसळले की तोंडभर रक्त आल्यासारखे वाटते. शिवाय भुलेतल्या अॅड्रेनॅलिनचा परिणाम तीन-चार तासांनी ओसरतो, रक्तवाहिन्या पूर्ववत होतात आणि संध्याकाळी थोडे रक्त पुन्हा झिरपू लागते. अशा वेळी स्वच्छ गॉज किंवा धुतलेल्या सुती कापडाची जाड घडी पाण्याने ओलसर करून नेमकी खळग्यावर ठेवावी आणि ताठ बसून, घड्याळ लावून अर्धा तास दाबून धरावी. घडी कोरडी असली तर गुठळी तिला चिकटून निघून येते, म्हणून ती ओली करायची. दोनदा असे करूनही तोंड ताज्या लाल रक्ताने भरत असेल, तर मात्र सकाळची वाट पाहू नये.

भूल उतरण्याआधीच डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी घेतली, तर दुखणे वाढण्याआधीच तिचा परिणाम सुरू होतो. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन या दोहोंचा मेळ दाताच्या दुखण्यावर फार चांगला चालतो, परंतु मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर, काही प्रकारचा दमा किंवा गर्भारपण असेल तर आयब्युप्रोफेन आणि त्याच्या जातीची औषधे घेता येत नाहीत. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात दोन-दोन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या सहज मिळतात आणि त्यातून मोठी चूक होते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, अंगदुखीसाठी घरात असलेल्या गोळीतही असते, आणि दोन्ही घेतल्या की डोस नकळत दुप्पट होतो. प्रौढ माणसाने २४ तासांत सगळे मिळून ४ ग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये, आणि वजन कमी असेल किंवा यकृताचा विकार असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचणे, हे या वेळी घरातल्या कुणीतरी आवर्जून करावे. दात काढला म्हणून प्रत्येक वेळी प्रतिजैविके लागतात, असेही नाही. निरोगी माणसाचा साधा दात काढल्यावर ती बहुधा लागत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी दिली नाहीत तर स्वतःहून आणू नयेत.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि नंतर उतरू लागते. पहिल्या दिवशी बर्फ कापडात गुंडाळून गालावर बाहेरून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा आणि तेवढाच वेळ काढून ठेवावा. रात्री दोन उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपावे. खाण्याची सोय आपल्या स्वयंपाकघरात आजारपणासाठी पूर्वापार आहेच: गार झालेला गुरगुट्या भात आणि मेतकूट, दहीभात, पातळ वरण, नाचणीची आंबील, मऊ खिचडी, ताक, केळे. हे सगळे कोमट किंवा गार असावे, दुसऱ्या बाजूने खावे आणि भूल पूर्ण उतरल्याशिवाय काहीही चावू नये. बधिर ओठ किंवा गाल चावला गेला तर त्या वेळी कळत नाही, आणि लहान मुले तर गंमत म्हणून ओठ चावत बसतात व संध्याकाळी तो सुजून येतो. चिवडा, शेव, शेंगदाणे, पापड हे आठवडाभर बाजूला ठेवावेत, कारण त्यांचे कण खळग्यात जाऊन बसतात.

२४ तास उलटले की मग आईचे मिठाचे पाणी खरोखर औषध ठरते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालावे, घोट तोंडात घेऊन मान हळूच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलावी आणि पाणी आपोआप पडू द्यावे. खळखळून चूळ भरायची नाही. जेवणानंतर असे दिवसातून चार-पाच वेळा, आठवडाभर करावे. बाकीचे दात पहिल्या रात्रीपासूनच घासावेत, फक्त खळग्याजवळ ब्रश नेऊ नये.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आरशात पाहिल्यावर खळग्यावर पांढरट-पिवळा थर दिसतो आणि अनेक जण तो पू समजून काडीने किंवा कापसाने काढायला जातात. तो बहुतेक वेळा पू नसतो. गुठळीतल्या फायब्रिनचे जाळे वर दिसू लागते, तोच हा थर असतो. त्याच्या खाली नव्या केशवाहिन्या आणि नव्या पेशी खळग्याच्या भिंतीतून गुठळीत शिरत असतात आणि आठवडाभरात त्या जागी लालसर, मऊ ऊतक भरते. दुखणे दिवसागणिक कमी होत असेल, तर या थराला हात लावू नये. याच काळात घरगुती उपाय सुचवणारेही बरेच भेटतात. खळग्यात हळद दाबणे, तुरटीची पूड भरणे, लवंगेचे तेल थेट ओतणे यातले काहीही करू नये. लवंगेच्या तेलाने उघड्या ऊतकाला भाजल्यासारखी इजा होते.

मिश्रीविषयी वेगळे सांगायलाच हवे. महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतल्या आणि शहरांतल्याही पुष्कळ स्त्रिया सकाळ-संध्याकाळ भाजलेल्या तंबाखूची मिश्री हिरडीला लावतात आणि तिला तंबाखूच्या व्यसनात मोजत नाहीत. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असे विचारले की ‘नाही’ असे उत्तर येते आणि ते त्यांच्या दृष्टीने प्रामाणिक असते. दाढ दुखली की मिश्री थोडी जास्तच लावली जाते, कारण तिने घटकाभर बधिर वाटते. दात काढलेल्या जागी मिश्री गेली, तर निकोटिनचा परिणाम, बोटाचे घर्षण आणि राखेचे कण हे तिन्ही एकाच वेळी गुठळीवर येतात. म्हणून घरातल्या माणसांनी हा प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारावा आणि निदान आठवडाभर तरी ती बंद ठेवावी.

गुठळी निघून गेली किंवा विरघळली की जे होते, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. हाडावरचे आवरण जाते, हाडातले मज्जातंतूंचे शेंडे हवा, अन्न आणि लाळ यांच्यासमोर उघडे पडतात आणि दुखणे कान, कानशील, मान इथपर्यंत पसरते. तोंडाला दुर्गंधी येते, पण ताप किंवा मोठी सूज बहुधा नसते. ओळखण्याची खूण अशी, की साध्या जखमेचे दुखणे उतरत जाते आणि हे मात्र दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान नव्याने चढते. साधे दात काढल्यावर शंभरात एक ते पाच जणांना हा त्रास होतो. खालच्या अक्कलदाढांच्या बाबतीत हे प्रमाण बरेच वर जाते, कारण तिथले हाड घट्ट असते आणि शस्त्रक्रियाही अवघड असते. धूम्रपान करणाऱ्यांना आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनाही धोका अधिक असतो. म्हणजे सगळी पथ्ये पाळूनही एखाद्याला तो होऊ शकतो, आणि अशा वेळी रुग्णाला दोष देत बसू नये. आईच्या बाबतीत गुळण्या हे कारण दिसत होते, तरी डॉक्टरांनी तिला एका शब्दानेही बोल लावला नाही, याचे मला आजही बरे वाटते.

उपचार सोपा असतो. डॉक्टर सलाइनने खळगा हलकेच धुतात, अडकलेले कण काढतात आणि युजेनॉल असलेली औषधी पट्टी आत ठेवतात. युजेनॉल म्हणजे लवंगेतलेच औषधी द्रव्य, पण इथे ते मोजून आणि योग्य रूपात वापरलेले असते. आईचा चेहरा त्या खुर्चीतच, पाच-दहा मिनिटांत सैल झाला. पट्टी एक-दोनदा बदलावी लागली आणि आठ दिवसांत दुखणे थांबले. ड्राय सॉकेट झाले म्हणून जखम भरायची राहत नाही, ती खळग्याच्या भिंतीकडून हळूहळू भरते.

काही लक्षणे मात्र थांबण्यासारखी नसतात. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढत जाणे, थंडी वाजून ताप येणे, तोंड दिवसेंदिवस कमी उघडणे, यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि जिभेखालचा भाग टणक होऊन वर उचलला जाणे, गिळता न येणे, लाळ गळणे, आवाज बदलणे किंवा श्वास लागणे यांपैकी काहीही दिसले, तर दंतवैद्याची वेळ न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जावे. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि मानेत उतरला की श्वासमार्ग काही तासांत बंद होऊ शकतो. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिर असेल, तर तेही कळवावे. बहुतेक वेळा ही बधिरता आठवड्यांत किंवा काही महिन्यांत जाते, पण तिची नोंद सुरुवातीलाच झालेली बरी.

वरची दाढ काढली की डोळ्यांची नजर जाते, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे, की त्यापायी सडलेली दाढ वर्षानुवर्षे तोंडात ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्यांपैकी दातांची संवेदना वाहणारी जोडी पाचवी आणि दृष्टीची दुसरी. दोहोंचे मार्ग वेगळे असतात. समजाचे मूळ बहुधा यात असावे, की दाढा पडण्याचे किंवा काढण्याचे वय आणि जवळचे दिसेनासे होऊन चाळिशी लागण्याचे वय साधारण एकच असते. वरच्या दाढेच्या बाबतीत लक्ष ठेवायची खरी जागा वेगळी आहे. तिच्या मुळांच्या वर, वरच्या जबड्याच्या हाडात हवेची पोकळी असते आणि कधीकधी दोहोंमध्ये हाडाचा अगदी पातळ पापुद्राच असतो. दाढ काढताना तिथे छिद्र पडले, तर पाणी पिताना ते नाकातून येते. असे झाल्यास डॉक्टरांना सांगावे, नाक शिंकरू नये आणि शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. लहान छिद्र गुठळी टिकली तर आपोआप बुजते.

वरून हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते आणि लोकांना वाटते, झाले. आत मात्र काम चालूच असते. गुठळीच्या जागी आलेल्या मऊ ऊतकात कच्चे हाड तयार होऊ लागते, दीड-दोन महिन्यांत खळगा त्याने बराचसा भरतो आणि पुढचे काही महिने ते हाड पक्के होत राहते. या काळात कधी हिरडीतून भाताच्या शितासारखे काहीतरी टोकदार जिभेला लागते आणि दाताचा तुकडा आत राहिला, अशी शंका येते. बहुतेक वेळा ती खळग्याच्या कडेची हाडाची कपची असते आणि ती आपोआप बाहेर पडते किंवा डॉक्टर क्षणात काढून देतात. त्याच वेळी जबड्याची कड मात्र बारीक होत असते. ज्या हाडाने मुळाला आधार द्यायचा, त्याला आता काम उरलेले नसते, आणि पहिल्या वर्षभरात त्या जागेची रुंदी सुमारे निम्म्याने कमी होते. त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते.

म्हणून रिकाम्या जागी काय बसवायचे, हा विचार दात काढण्याच्या दिवशीच सुरू करावा. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेले कृत्रिम मूळ, हवे असेल तर हाडाची रुंदी लागते, ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला कृत्रिम दात, हवा असेल तर शेजारचे दात तासावे लागतात, आणि काढता-घालता येणारी कवळी स्वस्त पडते, पण तिची सवय व्हावी लागते. अक्कलदाढेच्या जागी काहीच बसवायचे नसते. इतर दाढांच्या बाबतीत मात्र शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात आणि समोरचा दात, त्याला टेकायला काही नसल्यामुळे, हळूहळू बाहेर सरकतो. आईने तो निर्णय ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत दोन वर्षे पुढे ढकलला. तेवढ्यात तिची वरची दाढ इतकी खाली आली, की खाली नवा दात बसवण्यापूर्वी आधी तीच तासून घ्यावी लागली.